धुऱ्यावरून बोलाचं नाई

"मजूर मिळत नाहीत हो आजकाल!" हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझं डोकं सटकतं. मग ते लग्नाच्या पंगतीत असो, शेतकरी मेळाव्यात असो, नाहीतर एसटीची वाट बघताना. बोलणाऱ्याच्या कपड्यांना इस्त्री असते, चपलेला चिखल नसतो आणि 'मजूर' म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर एकाही बाईचा चेहरा नसतो. असणार कुठून? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाचं निंदण बाया करतात. सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात उतरायचं, कमरेतून वाकायचं, घोटाभर पाण्यात हात घालून तण उपटायचं आणि संध्याकाळी सरळ व्हायचं. मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री उघडून उभा. त्याला दिसतात त्या फक्त पाठी. तोंडं चिखलाकडे.

हे मला आपणहून कधी दिसलं नव्हतं. एका कंडक्टरनं दाखवलं. त्या माणसाशी मी जे वागलो त्याचा राग खरं तर स्वतःवरच काढायला हवा. तो पुरेसा निघत नाही म्हणून मी इतरांवर जरा जास्त ओरडतो, हेही कबूल करून टाकतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी कृषिसेवक होतो. कृषिसेवक म्हणजे काम पक्क्या माणसाचं आणि नोकरी कच्ची. वाढलो भद्रावतीच्या कॉलनीत. शेतीचा डिप्लोमा केला होता, पण चिखलात पाय घातला तो प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरता. जंगलाला खेटून असलेल्या एका गावात नेमणूक झाली आणि तिथल्या निवृत्त एसटी कंडक्टरच्या घरी भाड्यानं खोली मिळाली. चावी आणायला गेलो तर घर बंद. शेजारीण म्हणाली, "बांधीत आहे ते. निंदून राह्यले." मला वाटलं, निंदवून घेत असतील. जाऊन बघतो तर आठ बाया एका ओळीत वाकलेल्या आणि नववा हा सहा फुटी बाप्या. अंगात खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, लुंगी मांडीपर्यंत खोचलेली. मी धुऱ्यावरूनच हाक मारली, "भाऊ, नमस्कार. खोलीची चावी पाहिजे होती."

मान वर न करता उत्तर आलं, "फुटबोर्डावरून बोलाचं नाई. आत या, नाई तं उतरा."

मी इकडंतिकडं बघितलं. एक बाई हसून म्हणाली, "साहेब, खाली या म्हनते ते. धुऱ्यावरच्या मानसाशी बोलतच नाई ते." ही कौसल्याबाई. बायांच्या त्या टोळीची पुढारी, तिशीची, उंचीनं जेमतेम माझ्या छातीला लागेल एवढी. मी पॅंट दुमडून उतरलो. चावी मिळाली, पण पाच हात ओळ निंदून झाल्यावर.

हा त्यांचा कायदा होता आणि तो सगळ्यांना लागू होता. सरपंचाला, पोलीस पाटलाला, स्वतःच्या जावयालासुद्धा. धुऱ्यावर उभं राहून "ते तिकडं राह्यलं, ते इकडं राह्यलं" असं बोट दाखवणारा माणूस म्हणजे त्यांच्या हिशेबी दारात लोंबकळणारा पॅसेंजर. तिकीट काढत नाही, आत सरकत नाही आणि दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवतो. गावातले पुरुष मागून खदखदून हसायचे. निंदण हे बायांचं काम, त्यात हा खाकीवाला घुसला म्हणजे याचं डोकं फिरलं, असं पानठेल्यावर रोज ठरायचं. समोर मात्र कुणी बोलत नसे, कारण समोर बोलायचं तर चिखलात उतरावं लागे.

शिट्टीचं प्रकरण आणखी भारी. दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून ते शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "सगळे उभे! हात कमरेवर! आभाळ पाहा!" बाया पोट धरून हसायच्या, पण उभ्या व्हायच्या. कोणत्याही दुसऱ्या मालकाच्या बांधीत ओळ संपेपर्यंत पाठ सरळ करायची पद्धत नव्हती. केली की धुऱ्यावरून आवाज यायचाच, "काऊन वो, थकली का येवढ्यात?" शिट्टीला एक दुसरंही कारण होतं, आणि त्यावर मात्र कुणी हसत नसे. शेवटच्या बांध्या जंगलाला लागून. आमच्याकडे वाघ आहे, आणि वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतो. हे फॉरेस्टवाले दरवर्षी येऊन सांगतात. सांगून जीपमध्ये बसून जातात. निंदण वाकूनच करावं लागतं, मग बाईनं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. कंडक्टरनं निदान शिट्टी तरी फुंकली.

हे सगळं वाचून तुम्हाला ते संत वाटायला लागले असतील तर त्यांच्या बायकोला विचारायला हवं होतं. बाईंची पाठ कायमची वाकलेली होती. गुडघ्यावर एक हात टेकूनच त्या चालत. चूल, पाणी, झाडलोट, सगळं तसंच. मी एकदा त्यांच्यासमोर भाऊंचं कौतुक केलं, तर त्या भांडी घासता घासता थांबल्या.

"कौतुक सांगू नका मले. डुटीवरून सुट्टीत आले का इस्त्रीची खाकी घालून धुऱ्यावर उभे राहे. 'ते राह्यलं, हे राह्यलं.' मी वाकून राहे. रिटायर झाल्यावर माह्यानं होईना, बाया भेटेना, तवा उतरले. पयल्याच दिवशी दुपारी बायायनं हात धरून वर काढलं यायले. आता शिट्टी घातली गळ्यात! मी येवढे वर्स निंदली, मले कोनी शिट्टी देल्ली का?"

भाऊ दारातच बसले होते. खाली मान घालून ऐकत होते. नंतर मला म्हणाले, "खरं आहे तिचं. त्या दिवशी घरी आलो, मले बसता येईना. इचारलं तिले, तू रोज असंच करे का? तं म्हनते, रोज नाई, पोळ्याले सुट्टी राहे." एवढं सांगून ते उठून गेले. हा प्रसंग त्यांनी मला पुढं निदान दहा वेळा सांगितला आणि दर वेळी सांगून झालं की उठून गेले.

त्यांच्या खिशात पावसाळाभर दोन रोपं असायची. एक धानाचं आणि एक सावा नावाच्या गवताचं. सावा धानाच्या मधोमध, धानासारखाच हिरवा उगवतो, आणि लोंबी फुटेपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. पानठेल्यावर कुणी म्हणालं, "निंदाले काय अक्कल लागते," की हे दोन्ही रोपं त्याच्या पुढ्यात टाकायचे. "सांग, धान कोनतं?" बहुतेक जण चुकायचे. एकदा मला विचारलं. मी डिप्लोमावाला, सरकारचा माणूस, चार लोकांत छाती काढून सांगितलं, आणि चुकलो! लोक टाळ्या पिटून हसले. मग त्यांनी रस्त्यानं घरी चाललेल्या कौसल्याबाईला हाक मारली आणि डोळे मिटायला लावले. तिनं पानाच्या बुडाशी, जिथं पान खोडाला चिकटतं तिथं, अंगठा फिरवला. "हे धान. याले जिभली राहते. साव्याले राहत नाई." एका क्षणात.

"हे कोन्या कॉलेजात शिकवते, साहेब?" भाऊंनी मला विचारलं. शिकवतात, पुस्तकात चित्रासकट आहे. मी वाचलं होतं. अंगठा मात्र कधी फिरवला नव्हता.

बाजाराच्या दिवशी त्यांच्यासोबत जायची मला धडकी भरे. वाकून चालणारी एखादी म्हातारी दिसली की हे तिच्या जुन्या मालकाला भर बाजारात गाठायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "नमस्कार! ते पाहा, तुमच्या बांधीतली पाठ चालली." माणूस काळाठिक्कर पडायचा. मी म्हणायचो, "भाऊ, अशानं शत्रू होतात." ते म्हणायचे, "होऊ द्या. तिकीट दाखवा म्हटलं का सगळेच शत्रू होते."

आता यंत्राची गोष्ट. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे.

कौसल्याबाईची कमर त्या वर्षी दुखायला लागली होती. निंदताना मधेच ती चिखलात गुडघे टेकायची आणि तशीच पुढं सरकायची. भाऊंनी ते पाहिलं आणि त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. "माह्या घरी एक वाकली, ते मी वाकवली. ही नाई वाकू देनार." नेमकं तेव्हाच तालुक्यावरून प्रात्यक्षिकासाठी तण काढायचं यंत्र आलं. कोनोवीडर म्हणतात त्याला. दातेरी लोखंडी रोळ, त्याला लांब दांडा. धानाच्या दोन ओळींमधून पुढंमागं ढकलायचं, तण उपटून चिखलात गाडलं जातं. मुख्य म्हणजे, माणूस उभा राहून चालतो! फक्त त्यासाठी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, ओळीत लागते, दोरी धरून. भाऊंनी हौसेनं एक बांधी तशी रोवून घेतली होती. मी माझ्या सहीनं यंत्र उचललं आणि त्यांना नेऊन दिलं.

दोन दिवसांनी बघतो तर दांडा वीतभर कापलेला आणि आडवी मूठ खाली आणून वेल्डिंग केलेली.

"भाऊ, हे काय करून ठेवलं? सरकारी आहे ते! माझ्या नावावर आहे!"

"सरकारची उंची किती?"

"म्हणजे?"

"दांडा माह्या छातीले येत होता. कौसल्येच्या हनुवटीले लागे. हात वर धरून चिखलात लोखंड ढकलून पाहा एक घंटा, खांदे उतरते का नाई ते. बाया निंदते हे साऱ्या दुनियेले ठाऊक आहे, मंग यंत्र कोनाले पाहून बनवलं?"

मी चिडलो होतो. रागारागात बांधीवर गेलो. कौसल्याबाई यंत्र घेऊन चालली होती, पदर खोचून, ताठ. ओळीच्या टोकाला आली, थांबली आणि मला म्हणाली, "साहेब, निंदता निंदता रस्त्यानं कोन चाललं ते आज पयल्यांदा दिसलं मले." मग परत वळून दुसऱ्या ओळीत शिरली. माझा राग तिथंच विरघळला. तो दिवस आठवला की मला अजून वाटतं, सरकारी नोकरीत आपण काहीतरी केलं होतं.

पंधरा दिवसांत गावात कुरबूर सुरू झाली. भाऊंच्या वरच्या बांध्या ज्याच्या होत्या, तो गावातला मोठा धानवाला. बाया त्याला म्हणाल्या, "दोरीनं रोवा, यंत्र आना, दांडा कापून आना. नाई तं अर्ध्या घंट्यानं उभं राहू द्या." एवढंच. पण त्याचा नुसता तिळपापड झाला. "बाया डोक्यावर बसून राह्यल्या! त्या कंडक्टरनं बिघडवल्या!" असं म्हणत तो तालुक्याला गेला आणि माझ्या वरच्या साहेबांची जीप घेऊन आला.

साहेब धुऱ्यावर उभे राहिले. शेजारी तो धानवाला, मागं मी. साहेबांनी खाली बघून विचारलं, "काय बाई, जमतंय का?"

आणि शिट्टी वाजली. "फुटबोर्डावरून बोलाचं नाई! आत या, नाई तं उतरा!"

सगळ्या बाया हसल्या. रस्त्यावरचे चार लोक हसले. खरं सांगतो, मीही हसलो. साहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात कौसल्याबाई पदर सावरून नीट बोलली, "जमते जी. चांगलं आहे. पन दांडा असा कापून पायजे. असे आनखी द्या आमाले." साहेब दांड्याकडे बघत होते. "हे कुणी कापलं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तिचं म्हणणं त्यांच्या कानात शिरलंच नाही. भाऊंचंही चुकलंच, मी म्हणेन. त्या एका दिवशी शिट्टी खिशात ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण ज्याचं त्याला.

जीपपाशी साहेब मला म्हणाले, "अहवाल आजच द्या. लिहा, महिला मजुरांनी यंत्र वापरण्यास प्रतिसाद दिला नाही. पुढच्या हंगामासाठी तणनाशकाची शिफारस." मी म्हटलं, "पण साहेब, ती बाई आत्ताच..." त्यांनी गाडीचं दार लावून काच खाली केली. "तुम्हाला नियमित करायची फाइल माझ्याकडे आहे. यंत्र तुमच्या सहीनं उचललंय आणि ते मोडलंय. कळतंय ना?"

दुपारी मी खोलीत कागद घेऊन बसलो. भाऊ दाराशी आले. त्यांनी आत यायच्या आधी पाय धुतले. "साहेब, मले शिव्या लिहा. नुकसान केलं लिहा, मी भरून देतो. फक्त येक वाक्य टाका, दांडा उंच होता. ते वाचलं तं पुढचे यंत्र तरी बायायच्या मापाचे येईन."

"लिहितो ना भाऊ," मी म्हणालो. बाईंनी चहा आणून ठेवला. तो चहा पीत पीत मी साहेबांनी सांगितलेलं वाक्य लिहिलं. शब्दही बदलला नाही. दांडा उंच होता, हे सहा अक्षरी सत्य लिहायला शाई किती लागली असती?

आठवड्यात मला सोबत घेऊन यंत्र परत न्यायला माणूस आला. नेमका बायांच्या समोर, बांधीवरच, आणि कशाला नेतो विचारल्यावर त्यानं कागद काढून वाचला. महिला मजुरांचा प्रतिसाद नसल्याने. खाली माझं नाव.

कौसल्याबाई ओले हात घेऊन माझ्यासमोर आली. ती चिडलीही नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं. "कोनी सांगतलं प्रतिसाद नाई? मी तं रोज चालवून राह्यली होती. तुमी तं होते ना जी तिथी?"

मी होतो. भाऊंनी एकट्यानं यंत्र उचललं, गाडीत नेऊन ठेवलं आणि ओळीत परत येऊन वाकले. त्या दिवशी त्यांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही. बायाच आपापल्या उभ्या राहत होत्या आणि वाकत होत्या.

पुढच्या हंगामात तणनाशक आलं. ते टाकल्यावर काही दिवस बांधीत पाणी धरून ठेवावं लागतं. पाऊस नेमका तेव्हाच गेला, बांध्या उघड्या पडल्या आणि सावा दुप्पट माजला. मग त्याच धानवाल्यानं बायांना बोलावणं धाडलं. गुडघाभर सावा हातानं उपटायला. धुऱ्यावर छत्री उघडून तो उभा, आणि कौसल्याबाई गुडघे टेकून चिखलात सरकत चाललेली. मी रस्त्यावरून मोटरसायकलनं गेलो. तिनं मान वर केली नाही, आणि केली असती तर मी काय करणार होतो?

आज मी पक्का आहे, वरच्या पदावर आहे. अजून यंत्रं येतात आणि त्यांचे दांडे तेवढेच उंच असतात. ती गोदामात पडून गंजतात. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, बायांना यंत्र नको असतं हो, मानसिकताच नाही. मी टेबलावर हात आपटतो. सगळे चमकून बघतात. या माणसाला एकदम काय झालं, असं त्यांना वाटत असेल. अरे, त्यांना कधी मापाचं यंत्र दिलंत का? एका बाईला विचारलंत का? ओरडतो, आणि ओरडताना मला माहीत असतं की त्यांच्या फाइलमधला पहिला कागद माझ्याच हातचा आहे.

त्या तणनाशकाच्या हंगामानंतर माझी फाइल मंजूर झाली आणि बदली मुलचेऱ्याला. यंत्राचा तो कागद वाचला गेल्यापासून भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मी जायच्या दिवशी मात्र ते सकाळीच खाकी शर्ट घालून तयार. नको नको म्हणत असताना माझी ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली आणि थांब्यापर्यंत आणली. वाटेत माफी मागायची म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोललो.

गाडी आली. भाऊंनी ट्रंक वर चढवली आणि दारातल्या कंडक्टरला, तरुण मुलगा होता, जुन्या हक्कानं हाक मारली.

"बावा, या साहेबाले पुढची सीट दे. मांगं भल्ले धक्के बसते. पाठ दुखन त्यायची."

त्यांच्या आवाजात टोमणा होता की काळजी, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. मुलगा पुढच्या बाकावरच्या बाईला म्हणाला, "बाई, मांगं सरका थोडं." ती आपलं गाठोडं उचलून मागं गेली.

मी 'नको' म्हणालो नाही. जाऊन बसलो.